लागण

पोराचं डोकं दिसायला लागलं होतं. भागीरथा गुडघ्यांवर बसून, बाह्या वर सारून हात पुढे करणार, तोच मागून शकुबाई म्हणाली, "भागीरथा, तू बाजूले हो."

उजेड अडत असेल, असं वाटून भागीरथा जराशी सरकली.

"सरकू नको. उठ. बाहेर जाय."

बाजेला धरून कळा देणाऱ्या शकुबाईच्या सुनेनंही डोळे उघडून पाहिलं. भागीरथाला काही कळेना. सावरटोल्यात गेल्या पंधरा वर्षांत जी पोरं जन्मली, ती सगळी तिच्याच हातांत उतरली होती. सुईणपण तिला सासूकडून आलं होतं, आणि सासूपेक्षा तिचा हात हलका, असं सासूच सांगत असे.

"पोट्टं निघून राह्यलं, शकुबाई! आता कोन धरन त्याले?"

"रुखमा धरन. रागाऊ नको, बाई. तुह्या तोंडावर काय आलं, थे सारा गाव पाहून राह्यला. आमच्या घरचा पयला नातू आहे. मले भेव वाटते."

भागीरथा उठली. शेजारची रुखमा घाबरी होऊन तिच्या जागेवर बसली. चार लेकरांची आई असली तरी दुसऱ्याच्या बाळंतपणाला तिनं कधी हात लावला नव्हता. भागीरथा उंबरठ्याबाहेर गेली, पण घरी गेली नाही. दाराकडे पाठ करून सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसली आणि तिथूनच बोलू लागली.

"रुखमा, ओढू नको. डोक्याखाली नुसता हात ठेव. हां. आता मानेले बोट लाऊन पाह्य. नाळ आहे का?"

"आहे! गुंडाळली आहे, भागीरथाबाई!"

"भेऊ नको. बोट घाल तिच्या खालून. सैल कर. डोक्यावरून काढ, टोपरं काढतो तशी. निघाली? आता तिले म्हन, कळ दे."

पोर रडलं. भागीरथा उठली. सवयीनं ती हात धुवायला रांजणाकडे वळली. धुवावं असं हाताला काही लागलंच नव्हतं, तरी वळली. शकुबाई लगबगीनं पुढे आली.

"रांजनाले नको शिवू. मी वरून टाकतो पानी."

भागीरथानं ओंजळ पुढे केली, पाणी पडू दिलं, आणि पदराला हात पुसत घरी आली.

हे सगळं सुरू झालं होतं उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत. दिवसभर रानात पानं तोडायची आणि संध्याकाळी पुडके बांधायचे, हे ती दरवर्षीच करत असे. त्या वर्षी नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला. उन्हानं भाजलं असेल म्हणून तिनं खोबऱ्याचं तेल लावलं. चट्टा गेला नाही. मग सकाळी उठल्यावर बोटं आखडू लागली. भाकरी थापताना मनगटात कळ येई. तोंडात फोड आले, फणीत केसांचे पुंजके निघू लागले. भागीरथा तेव्हा जेमतेम अडतीसची असेल. नवरा इसरू म्हणायचा, "रोवना होऊ दे, वडश्याच्या डाक्टरले दाखवू." भाताचा रोवणा झाला, वडश्याच्या डॉक्टरनं मलम दिलं, आणि मलमाची डबी संपण्याआधीच गावानं आपलं निदान करून टाकलं होतं.

त्या मुलखात रगतपिती, म्हणजे महारोग, कोणाला नवी नव्हती. प्रत्येक गावाच्या कडेला एखादी झोपडी असायची, जिच्यापाशी पोरं खेळायला जात नसत. चेहरा लाल झाला, कानाच्या पाळ्या जाड झाल्या की लोक कुजबुजत. भागीरथाच्या कानाच्या पाळ्या जाड नव्हत्या, पण गालावरची लाली सगळ्यांना दिसत होती. रोवण्याच्या बायकांत ती बसली की तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होई. बोडीच्या काठावर ती धुणं घेऊन गेली की बाकीच्या जणी उठत. घरात कोणी पोटुशी असली की पूर्वी घरचा माणूस आधीच येऊन सांगून ठेवी, "भागीरथाबाई, पौषात आहे बरं का." शकुबाईच्या घरच्या त्या दिवसानंतर कोणी सांगायला आलं नाही.

हे सगळं तिनं गिळलं. तिला आशा होती ती मंगलीची.

मंगली तिची एकुलती एक लेक. वर्षापूर्वी पिंपळमेंढ्याला दिली होती आणि आता तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. स्वतःच्या लेकीचं पोर स्वतःच्या हातांत उतरवायचं, हे भागीरथाच्या मनात मंगली परकरात होती तेव्हापासूनचं. जुन्या लुगड्यांच्या घड्या तिनं उकळून, वाळवून, मडक्यात भरून ठेवल्या. कोपऱ्यातली जमीन सारवली. बोटं दुखत होती म्हणून दोन दिवस लागले, पण दुसऱ्या कोणाला तिनं ती जागा सारवू दिली नाही.

इसरू रेंगी जुंपून मंगलीला आणायला गेला. संध्याकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तशी भागीरथा अंगणात धावली. रेंगीतलं तणस जसंच्या तसं होतं. त्यावर कोणी बसलंच नव्हतं.

"अवो, मंगली कुठी आहे?"

"तिचे पाय सुजले," इसरू बैल सोडत म्हणाला. "एवढा रस्ता नाई सहन होनार म्हने."

"पाय तर सगळ्याईचेच सुजते. काय झालं थे सांगा मले."

इसरूनं जू खाली ठेवलं, बैलांना पाणी दाखवलं, आणि पाठमोराच म्हणाला, "तिची सासू अंजनाबाई म्हनते, त्या घरात आमचं लेकरू नाई येऊ देनार."

"अन् मंगली? थे काय म्हनली?"

इसरू रेंगीतलं तणस काढून बैलांपुढे टाकू लागला.

कार्तिकात निरोप आला: मुलगा झाला, दोघं बरी आहेत. भागीरथानं डिंकाचे लाडू वळले, झबलं-टोपरं शिवून घेतलं, आणि इसरू नको म्हणत असतानाही त्याच्यासोबत पिंपळमेंढ्याला गेली. अंजनाबाईनं त्यांना अंगणातच थांबवलं. बसायला पोतं टाकलं. इसरूला पाणी तांब्यातून दिलं आणि भागीरथाला पानाच्या द्रोणातून. जावई रामराम करून शेताकडे निघून गेला.

बऱ्याच वेळानं मंगली दारात आली. चेहरा उतरलेला, डोक्याला फडकं, आणि छातीशी गुंडाळलेलं बाळ. भागीरथा उठून दोन पावलं पुढे गेली.

"माय, तिथूनच पाह्य," मंगली म्हणाली.

भागीरथा थांबली. मंगलीनं बाळाच्या तोंडावरचं फडकं एवढंसं बाजूला केलं. उन्हात भागीरथाला नीट दिसलंही नाही. काळे केस तेवढे दिसले आणि मिटलेली मूठ. तिचे हात आपसूक पुढे झाले होते, जसे दर वेळी होत. ते पाहून मंगलीनं पदर बाळावर ओढून घेतला आणि एक पाऊल मागे सरली. ती रडत होती. पण मागे सरली.

"गोरा आहे व," भागीरथा म्हणाली. "आंग शेकत जाय त्याचं. वाऱ्यात नको बसू."

लाडवांचा डबा तिनं पोत्यावर ठेवला. परतीच्या वाटेवर इसरूनं दोनदा काहीतरी बोलून पाहिलं. ती रेंगीत पडून राहिली, तोंडावर पदर घेऊन.

पौषात गुणवंतराव आला. सायकलवर पिशवी लटकवून गावोगाव रगतपितीचे रोगी तपासत फिरणारा हा सरकारी माणूस. शकुबाईच्याच घरच्यांनी त्याला भागीरथाचं घर दाखवलं. त्यानं तिला सपरीत उजेडाला बसवलं. लाजेनं तिनं तोंड फिरवलं होतं.

"भेऊ नको, बाई. डोळे मीट. जिथी लागन तिथी बोट ठेव."

त्यानं कापसाची बारीक वात केली आणि तिच्या गालाला टेकवली. भागीरथानं गालावर बोट ठेवलं. नाकाच्या शेंड्याला, कोपराला, पावलाला. दर वेळी तिचं बोट नेमकं तिथेच गेलं. त्यानं कोपरामागची शीर चाचपली, कानाच्या पाळ्या पाहिल्या. मग पिशवी बंद केली.

"रगतपितीच्या चट्ट्याले शिवलेलं समजत नाई, बाई. तुले तर कापूसही समजून राह्यला. हे रगतपिती नाई."

"मंग काय आहे?"

"थे मले नाई सांगता येत. पन हे नाई. तू नागपूरले मेडिकलमंधी जाय."

सपरीच्या कुडाला धरून इसरू ऐकत होता, त्यानं वर पाहून हात जोडले. भागीरथा मात्र गुणवंतरावाकडे एकटक पाहत राहिली.

"कार्तिकाच्या आंधी काऊन नाई आले, भाऊ?" ती म्हणाली.

गुणवंतरावाला तो प्रश्न कळला नाही. पाणी पिऊन तो गेला. जाताना चावडीवर त्यानं मोठ्यानं सांगितलंही, की त्या बाईला रगतपिती नाही. लोकांनी ऐकून घेतलं. तो दिसेनासा झाल्यावर शकुबाई म्हणाली, "मंग तोंड काऊन तसं आहे तिचं?"

वडश्याहून अरुंद रुळांची छोटी गाडी, नागभीडला दुसरी छोटी गाडी, आणि मग नागपूर. मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात भागीरथाला ठेवून घेतलं. रक्त काढलं, लघवी तपासली. एक डॉक्टरीणबाई रोज येई. ऊन, केस, तोंडातले फोड, सकाळची बोटं, असं ती एकेक विचारी, आणि भागीरथाला नवल वाटे की हे सगळं एकाच दुखण्याचं कसं. एक दिवस डॉक्टरीणबाई खाटेवर टेकली. खाटेवर, तिच्या पायांजवळ. भागीरथानं पाय आखडून घेतले.

"बाई, शेताला कुंपण कशाला घालता तुम्ही?"

"डुकरं येते ना, म्हनून."

"तसं आपल्या अंगातही कुंपण असतं, रोगांना अडवायला. तुमचं कुंपणच शेत खायला लागलंय. गाल खाल्ले, सांधे खाल्ले. आता मूत्रपिंडापर्यंत गेलंय."

"म्हंजे बाहेरून कोनी आलं नाई?"

"नाही. आणि तुमच्या अंगातून दुसऱ्याकडे जातही नाही. शिवून नाही, श्वासानं नाही, ताटात जेवून नाही."

भागीरथा पुढे सरकली. "पोट्ट्याले घेता येते?"

"घ्या की. खुशाल घ्या."

भागीरथानं तोंडात पदराचा बोळा कोंबला. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे असं? आई, बहीण, मुलगी?"

"नाई. काऊन?"

"क्वचित रक्ताच्या नात्यात येतं. येतंच असं नाही."

तेव्हा ते शब्द भागीरथाच्या कानावरून गेले. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: पोट्ट्याले घेता येते.

गोळ्यांनी लाली उतरली, बोटं उघडझाप करू लागली, पण तोंड सुजून गोल झालं. गावानं पाहिलं आणि म्हटलं, रोग फुगला. इसरू पिंपळमेंढ्याला सांगायला गेला, तर अंजनाबाई म्हणाली, "दवाखान्यावाले तोंडावर कोनाले सांगतेत का?" मंगली आतून बाहेर आली नाही. भागीरथा मात्र रोज मनातल्या मनात बोलणी जुळवत होती. मंगली भेटली की काय सांगायचं, कुंपणाचं कसं समजवायचं, कोणत्या शब्दानं सुरुवात करायची. ते सगळं तिचं तोंडपाठ झालं होतं.

चैत्रात अंगणात मोहफुलं वाळत होती. उन्हात जायचं नाही म्हणून भागीरथा सपरीत बसून काडीकचरा निवडत होती. पाय पुन्हा सुजायला लागले होते, पण इसरूला तिनं सांगितलं नव्हतं. भर दुपारी कुंपणाशी कोणी उभं राहिलं. कडेवर पोर, डोक्यावर पदर पार नाकापर्यंत ओढलेला, पायात चप्पल नाही.

"माय, मी आत येऊ?"

भागीरथाच्या हातातलं सूप पडलं.

"हे काय विचारनं झालं? ये!"

मंगली सपरीच्या सावलीत आली आणि तिनं पदर मागे सारला. दोन्ही गालांवर आणि नाकावर, पंख पसरल्यासारखी, लाली होती. नाकपुड्यांच्या कडेची घडी तेवढी कोरी. भागीरथानं असा चेहरा कितीतरी महिने आरशात पाहिला होता.

"कवापासून?"

"होळीपासून. सकारी बोटं नाई वळत. लंगोट पिळता नाई येत." मंगली धापा टाकत बोलत होती. "सासू म्हने, मायचा लागला. नवऱ्यानंही तेच म्हनलं. पोट्ट्याले घे अन् चालती हो म्हने. पन मी तुले हात तरी कवा लावला, माय? इथी आलो नाई, तुह्या हातचं पानी नाई पेलो, लाडूही नाई खाल्ले, बाहेर टाकले थे लाडू! मंग कसा लागला?"

तीन महिने तोंडपाठ केलेलं सगळं भागीरथाच्या ओठांवर होतं. लागत नाई तो, बाई. शिवून नाई, श्वासानं नाई. पण त्याच्या आधी डॉक्टरीणबाईचा तो प्रश्न वर आला. आई, बहीण, मुलगी? भिंतीला हात टेकून ती उभी राहिली.

"लागला नाई, पोरी," ती शेवटी म्हणाली. "लागतच नाई तो. पन आहे माहाच. माह्या रगतातून आला. तू पोटात होती तवाच देऊन टाकला असन मी."

मंगलीनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हंजे मी तुह्याजवळ आलो असतो..."

"तरी काईच झालं नसतं."

"पोट्टं तुह्या हातात देलं असतं..."

"काईच झालं नसतं, बाई."

मंगली होती तिथेच खाली बसली. कडेवरचं पोर कळवळून रडू लागलं. भागीरथानं वाकून ते उचललं. तिचा फुगलेला, अनोळखी चेहरा पाहून त्यानं टाहो फोडला, अंग ताठ केलं, आईकडे हात पसरले. भागीरथाची बोटं पुन्हा धड मिटेनाशी झाली होती. तिनं त्याला दोन्ही मनगटांच्या बेचक्यात धरलं आणि रडू दिलं. पाच महिन्यांचं पोर चांगलंच जड झालं होतं. नुकत्याच जन्मलेल्या लेकराचं वजन तिच्या हातांना पाठ होतं. हे वजन नवं होतं.

"काय नाव ठेवलं?"

"सोमाजी," मंगली म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिघं नागपूरला निघाली. इसरूनं वडश्याच्या गाडीत बसवून दिलं. डॉक्टरीणबाईनं मंगलीला तपासलं, रक्त पाहिलं, लघवी पाहिली.

"वेळेवर आणलंत, बाई. मूत्रपिंड चांगलं आहे हिचं. गोळ्या नेमानं घेतल्या, ऊन टाळलं, तर लेकरू मोठं झालेलं पाहील." मग तिचं लक्ष भागीरथाच्या पावलांकडे गेलं. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. खळगा पडला तो भरून येईना. "तुम्ही मागच्या महिन्यात आला नाहीत."

"मोह पडून राह्यला होता."

मंगली पोराला पाजायला व्हरांड्यात गेली तेव्हा डॉक्टरीणबाईनं भागीरथाला खरं ते सांगितलं. मूत्रपिंडानं हात टेकले होते. ठेवून घेते म्हणाली, पण फार काही होईल असं तिच्या बोलण्यात नव्हतं.

"किती दिवस?" भागीरथानं विचारलं.

"पावसाळा निघेल. पुढचं सांगता येत नाही."

"मंग घरी जातो मी. लेकीले नको सांगू, बाई."

परतीची गाडी लग्नसराईच्या माणसांनी भरली होती. लाकडी बाकावर दाटीवाटीनं सहा जण, खाली गाठोडी, दारात लोंबकळणारे. समोरच्या बाईनं पानाचा डबा उघडत सहज विचारलं, "कुठी गेलते?"

"मेडिकलले," मंगली म्हणाली.

बाईनं मंगलीच्या गालांकडे पाहिलं, मग भागीरथाकडे. डबा मिटला. जरा वेळानं ती आपलं गाठोडं घेऊन उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तिच्या कानगोष्टीनंतर दुसरी उठली. मग बाकावरचा फेटेवाला म्हातारा नातवाला ओढत उठला. पुढचं स्टेशन येईपर्यंत सगळा बाक रिकामा झाला होता आणि दारापाशी माणसं एकमेकांच्या अंगावर उभी होती.

मंगली अर्धी उठली. "रगतपिती नाई ना जी आमाले!" असं ओरडायला तिनं तोंड उघडलं, तोच भागीरथानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे. किती जनायले सांगशीन?"

तिनं मांडीवरचं पोर उचलून बाकावर आडवं ठेवलं. त्याच्या डोक्याखाली आपल्या पदराची घडी सारली.

"पोट्ट्याले पाय पसराले जागा भेटली," ती म्हणाली.

पोरानं झोपेतच हातपाय ताणले आणि पसरून दिले. बाकाच्या एका टोकाला भागीरथा, दुसऱ्या टोकाला मंगली. गाडी प्रत्येक स्टेशनावर आणखी भरत गेली, माणसं उभ्यानं घामाघूम होत राहिली, आणि नागभीड येईपर्यंत त्या अख्ख्या बाकावर सोमाजी एकटा निजून होता.